मुकादम गेला, मालक राहिला

१९ एप्रिल २०२१ रोजी, सोमवारी सकाळी, लंडनच्या टॉटनहॅम हॉट्सपर या फुटबॉल क्लबने आपला मॅनेजर जोसे मोरिन्हो याची हकालपट्टी केली. लीग चषकाचा अंतिम सामना अवघ्या सहा दिवसांवर आला होता आणि २००८ नंतर या क्लबच्या वाट्याला एकही चषक आलेला नव्हता. असे असूनही क्लबच्या चाहत्यांपैकी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्या हाती हिशेब तयार होता. हंगामाच्या ३२ सामन्यांत क्लबने ५० गुण मिळवले होते आणि आघाडीवर असताना तब्बल २० गुण हातचे घालवले होते.

हा हिशेब खोटा नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूकॅसलविरुद्ध सामना संपता संपता पेनल्टी बसली आणि दोन गुण गेले. ऑक्टोबरमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध ८१ मिनिटांपर्यंत तीन गोलांची आघाडी होती; शेवटी तीन-तीन अशी बरोबरी झाली. डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेस आणि वुल्व्हरहॅम्प्टन, जानेवारीत फुलहॅम, एप्रिलमध्ये पुन्हा न्यूकॅसल आणि पाठोपाठ एव्हर्टन, अशी बरोबरीची माळच लागली. आर्सेनल व मँचेस्टर युनायटेड यांच्याविरुद्ध तर आधी गोल करूनही पराभव पत्करावा लागला. सात बरोबऱ्यांचे चौदा आणि दोन पराभवांचे सहा, मिळून वीस. हे वीस गुण पदरात असते तर क्लब सातव्या स्थानावर न राहता गुणतक्त्यात वरच्या दोघांत असता. एक गोल करायचा आणि मग घाबरट कारकुनासारखे आपल्याच गोलापाशी दबून बसायचे, ही मोरिन्होची रीत या नुकसानीला कारणीभूत आहे, असा चाहत्यांचा निष्कर्ष होता. खेळाच्या दृष्टीने पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही.

प्रश्न हिशेबाच्या अचूकतेचा नाही. हिशेब कोठे सुरू होतो आणि कोठे थांबतो, हा खरा प्रश्न आहे. मॅनेजरने गमावलेला प्रत्येक गुण मिनिटासह ज्यांच्या स्मरणात असतो, त्यांनी मालकाने काय काय गमावले याची वही कधी उघडली आहे काय?

गिरणीतील मुकादमाची जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना फुटबॉल मॅनेजरची जागा समजावून सांगण्याची गरज पडू नये. माल खराब निघाला की मुकादमाला जाब विचारला जातो, कामगारांचा संताप अंगावर घ्यायचा तोही मुकादमानेच, आणि प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले की मुकादमाला काढून मालक कामगारांसमोर न्यायप्रिय म्हणून उभा राहतो. यंत्रे कोणी जुनी ठेवली, कच्चा माल कोणी हलका आणला, नफा कोठे गेला, हे प्रश्न मुकादमाबरोबरच फाटकाबाहेर घालवले जातात. मॅनेजरची हकालपट्टी म्हणजे मालकवर्गाने स्वतःसाठी उतरवलेला विमा होय. त्याचा हप्ता चाहते तिकिटाच्या रूपाने भरतात आणि संरक्षण मात्र संचालक मंडळाला मिळते.

टॉटनहॅमचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. २००१ साली क्लबवरील नियंत्रण ॲलन शुगर यांच्याकडून एनिक या गुंतवणूक कंपनीकडे गेले. या कंपनीमागे बहामा बेटांवर वास्तव्य असलेले अब्जाधीश जो लुईस होते आणि क्लबच्या अध्यक्षपदी डॅनिअल लेव्ही बसले. त्यानंतर ग्लेन हॉडल २००३ मध्ये गेले, मार्टिन योल २००७ मध्ये, हुआंदे रामोस २००८ मध्ये. हॅरी रेडनॅप यांना २०१२ मध्ये क्लब चौथ्या स्थानावर आणूनही घरी बसावे लागले. व्हिलास-बोआस २०१३ मध्ये, शेरवूड २०१४ मध्ये गेले. मॉरिसिओ पोचेटिनो यांनी १ जून २०१९ रोजी क्लबला युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेला मोरिन्हो सतरा महिने टिकला. त्याच्यानंतरचे नुनो एस्पिरितो सांतो चार महिनेच. योल यांची गच्छंती तर अशी की मैदानावर सामना चालू असतानाच तिची बातमी प्रेक्षकांत पसरली होती. इतके मुकादम बदलले. लेव्ही यांची खुर्ची मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत जागची हलली नाही. एखाद्या घराचे छत दर पावसाळ्यात गळत असेल आणि दर वेळी गवंडीच बदलला जात असेल, तर घरमालकाच्या विटा-चुन्याची चौकशी करण्याची बुद्धी भाडेकरूंना कधी होणार?

आता त्या एप्रिल महिन्यातील दोन दिवसांकडे वळले पाहिजे, कारण मालकी म्हणजे काय याचा इतका उघडावाघडा पाठ क्वचितच मिळतो. मोरिन्होला काढण्याच्या आदल्या रात्री, रविवार १८ एप्रिल रोजी, युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ नावाची स्वतंत्र स्पर्धा काढण्याचे जाहीर केले. बारांपैकी सहा इंग्लंडचे होते आणि टॉटनहॅम त्यांत एक. पंधरा संस्थापक क्लब कायमचे सभासद राहतील, बाकीच्या सर्व युरोपातून दर वर्षी फक्त पाच क्लबांना आत घेतले जाईल, संस्थापकांना साडेतीन अब्ज युरो मिळतील आणि पैसा जे. पी. मॉर्गन ही अमेरिकन बँक उभा करील, अशी ती योजना होती.

या योजनेचा सरळ मराठीत अर्थ काय होतो? पराभव झाला तरी जागा जाणार नाही, शेवटचे स्थान आले तरी खालच्या श्रेणीत उतरावे लागणार नाही. म्हणजे मालकांसाठी गुण गमावण्याची शक्यताच रद्द करण्यात येणार होती. जो मालक आपल्या नोकराला वीस गुणांसाठी घरचा रस्ता दाखवतो, तोच मालक त्याच चोवीस तासांत स्वतःला गुणांच्या हिशेबातून कायमचा मुक्त करून घेण्याच्या करारात सामील असतो. नोकरासाठी स्पर्धा, मालकासाठी वतन! खुल्या स्पर्धेचे गुण गाणाऱ्या भांडवलशाहीला स्वतःच्या घरात स्पर्धा नको असते, मक्तेदारी हवी असते, हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले.

सुपर लीगला विरोध केल्यामुळेच मोरिन्होचा बळी गेला, अशी वदंता तेव्हा पसरली. तिला पुरावा मिळाला नाही आणि तिची गरजही नव्हती. या प्रकरणात हुतात्मा शोधणे हा भाबडेपणा आहे. २०२३ पर्यंतचा करार खिशात असलेला, कोट्यवधींचे मानधन घेणारा मॅनेजर कष्टकऱ्यांचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. त्याच्यासाठी अश्रू ढाळण्याचे काहीच कारण नाही. अश्रू ढाळायचेच असतील तर त्या क्लबच्या स्वयंपाकघरात, तिकीटखिडकीवर आणि सफाईकामात राबणाऱ्या माणसांसाठी ढाळावेत. ३१ मार्च २०२० रोजी, महामारीच्या पहिल्या लाटेत, या क्लबने खेळाडू नसलेल्या सुमारे ५५० कर्मचाऱ्यांच्या वेतनात वीस टक्के कपात जाहीर केली आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतील मदतीचा आधार घेण्याचे ठरवले. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या हिशेबांवरून अध्यक्षांना आदल्या वर्षी सत्तर लाख पौंड मिळाल्याचे उघड झाले. त्यांतील तीस लाख हे नवे स्टेडियम पूर्ण केल्याचे बक्षीस होते. चाहत्यांनी आवाज उठवला तेव्हा पंधरा दिवसांच्या आत, १३ एप्रिलला, कपातीचा निर्णय मागे घ्यावा लागला. या घटनेत गुणतक्त्यावरचा एकही गुण गेला नाही. म्हणूनच बहुतेकांच्या हिशेबातून ती निसटली.

ही वृत्ती आकाशातून पडलेली नाही. इंग्लंडमधील फुटबॉल क्लब गिरण्या, रेल्वेची कर्मशाळा, चर्च आणि शाळा यांच्या अंगणात जन्मले. टॉटनहॅमचा क्लब १८८२ साली शाळकरी मुलांनी काढला. क्लब कंपन्या झाल्या तेव्हाही फुटबॉल असोसिएशनच्या नियमांनी भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली होती आणि संचालकांना वेतन घेण्यास दीर्घकाळ मनाई होती. क्लब ही दुभती गाय नसून परिसराची ठेव आहे, ही समजूत त्या नियमांमागे होती. १९८३ साली या नियमांना बगल देण्यासाठी क्लबच्या वर एक धारक कंपनी उभी करून तिचे भाग लंडनच्या रोखेबाजारात विकण्यात आले. असे करणारा पहिला क्लब टॉटनहॅमच होता. थॅचरबाईंच्या राज्यात सार्वजनिक मालमत्ता बाजारात मांडली जात होती, तेव्हा लोकांच्या प्रेमाचीही किंमत बांधण्यात आली. सुपर लीगची योजना त्या १९८३ च्या बीजाचे फळ होय.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. मालकांनी पैसा ओतला म्हणूनच ६२,८५० आसनांचे भव्य स्टेडियम उभे राहिले, असे सांगण्यात येते. स्टेडियम भव्य आहे यात वाद नाही. पण ते हॅरिंगे या लंडनच्या गरीब वस्त्या असलेल्या विभागात उभे आहे. २०११ साली पोलिसांच्या गोळीबारानंतर ज्या टॉटनहॅममधून दंगल पेटली तेच हे टॉटनहॅम. त्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या कुटुंबाला आत बसून सामना पाहणे परवडत नसेल, तर ती भव्यता कोणासाठी? मार्च २०२४ मध्ये क्लबने तिकिटांचे दर सहा टक्क्यांनी वाढवले आणि वृद्धांसाठीच्या हंगामी तिकिटांची सवलत नव्या लोकांना बंद करून जुन्यांचीही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले. चाळीस-पन्नास वर्षे ऊन-पावसात उभे राहून ज्यांनी हा क्लब जगवला, त्यांच्या सवलतीकडे हिशेबनीस तोट्याची बाब म्हणून पाहतो. त्यांनी जे गमावले त्याची नोंद कोणत्या गुणतक्त्यात होणार?

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि तो अधिक घातक आहे. फुटबॉल ही जनतेला गुंगवणारी अफू आहे, गोऱ्या देशांतील श्रीमंतांच्या खेळावर शब्द खर्ची घालण्याचे कारण काय, असे काही कार्यकर्ते नाक मुरडून विचारतात. त्यांनी त्या दोन दिवसांत पुढे काय घडले ते पाहावे. महामारीमुळे जवळजवळ सारा हंगाम रिकाम्या स्टेडियमांत खेळला गेला होता. प्रेक्षकांवाचूनही दूरचित्रवाणीचा पैसा येतो, हे पाहून मालकांनी समजूत करून घेतली असावी की मैदानावरचा प्रेक्षक आता अनावश्यक झाला. मुंबईपासून कोलकात्यापर्यंत आणि गोव्यापासून सिंगापूरपर्यंत रात्र जागून पडद्यावर सामने पाहणारा ग्राहक पुरेसा आहे. ही समजूत ४८ तासांत धुळीला मिळाली. २० एप्रिलला लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानाबाहेर चाहत्यांनी रस्ता अडवला. एकमेकांच्या क्लबांचा पिढ्यान्‌पिढ्या द्वेष करणारे लोक एकाच मागणीसाठी बोलू लागले. त्याच रात्री सहाही इंग्रज क्लब योजनेतून माघार घेते झाले. टॉटनहॅमच्या चाहत्यांच्या संघटनेने तर कार्यकारी संचालकांनी राजीनामे द्यावेत अशी मागणी केली. ज्या गर्दीला अफूबाज म्हणून हिणवले जाते तिने एका बलाढ्य बँकेचा आणि बारा धनदांडग्यांचा बेत दोन दिवसांत उधळला. किती मोर्च्यांना असे यश लाभले आहे, याचा विचार नाक मुरडणाऱ्यांनी करावा.

मात्र विजयाचा गुलाल उधळण्यापूर्वी शिक्षेचा तपशील पाहावयास हवा. जून २०२१ मध्ये प्रीमियर लीगने सहा क्लबांशी समझोता केला. सहा मिळून दोन कोटी वीस लाख पौंड द्यावयाचे, म्हणजे प्रत्येकी चाळीस लाखांहूनही कमी. पुन्हा असा प्रयत्न केल्यास मात्र तीस गुण कापले जातील, अशी तंबी देण्यात आली. झालेल्या अपराधासाठी गुण किती कापले? शून्य! वीस गुण गमावणाऱ्याची नोकरी गेली. संबंध स्पर्धाच मोडीत काढू पाहणाऱ्यांचा एकही गुण गेला नाही. नोकर आणि मालक यांच्यासाठी कायद्याची दोन मापे असतात, याचा आणखी कोणता दाखला हवा?

मालकाच्या पापाचे गुण कापले जातात तेव्हाही ते मालकाच्या खात्यातून जात नाहीत. २०२१-२२ च्या हंगामात डर्बी काउंटी हा जुना क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन प्रशासकाच्या हाती गेला आणि हिशेबांतील गैरप्रकारांसह सर्व मिळून त्याचे २१ गुण कापण्यात आले. खेळाडूंनी मैदानावर ५५ गुण कमावले होते; तक्त्यावर ३४ उरले आणि क्लब खालच्या श्रेणीत फेकला गेला. उधळपट्टी संचालकांच्या खोलीत झाली आणि शिक्षा भोगली खेळाडूंनी, कर्मचाऱ्यांनी व त्या शहराने. बरी हा १८८५ सालचा क्लब तर मालकाला आर्थिक ऐपत सिद्ध करता न आल्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधूनच बाहेर काढला गेला. तेथील चाहत्यांना मोजायला गुणच उरले नाहीत.

मग उपाय कोणता? जर्मनीकडे बोट दाखवले जाते आणि ते रास्त आहे. १९९८ पासून तेथे नियम आहे की क्लबच्या मतदानाच्या हक्कांत सभासदांचे बहुमत राहिले पाहिजे. बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड हे दोन्ही बडे क्लब सुपर लीगपासून दूर राहिले, त्यामागे सभासदांच्या या मताचा धाक होता असे मानले जाते. पण भ्रम नको. लायपझिगसारख्या क्लबाने मूठभर सभासद ठेवून नियमाचा आत्मा मारला आहे, आणि सभासदांच्या क्लबांतही मॅनेजर काढले जातातच. सभासदत्व म्हणजे आपोआप शहाणपण नव्हे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की तेथे चुकणाऱ्या अध्यक्षाला मत देऊन घरी पाठवता येते. लंडनमध्ये चाहत्याला ओरडण्याचा हक्क आहे, मताचा नाही.

इंग्लंडमध्ये त्या उठावानंतर चौकशी झाली, अहवाल आला आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक, क्लबांना परवाने, मालकांच्या लायकीची तपासणी, फुटीर स्पर्धांना बंदी आणि चाहत्यांशी सल्लामसलतीचे बंधन, ही त्याची कलमे स्वागतार्ह आहेत. ती रस्त्यावरच्या लढ्याने मिळाली आहेत. परंतु मालकीच्या प्रश्नाला हा कायदा हात घालत नाही. तो घरमालकाला नीट वागायला सांगतो, घर भाडेकरूंचे करीत नाही. सल्ला देण्याचा अधिकार म्हणजे निर्णय घेण्याचा अधिकार नव्हे, हे कामगार समित्यांचा अनुभव घेतलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागणार नाही.

टॉटनहॅमने पुढे पुन्हा तोच धडा गिरवला. २१ मे २०२५ रोजी अँजे पोस्टेकोग्लू यांनी क्लबला युरोपा लीगचा चषक मिळवून दिला, सतरा वर्षांतला पहिला. परंतु लीगमध्ये २२ पराभव होऊन क्लब सतराव्या स्थानावर घसरला होता. ६ जूनला, चषकाला सोळा दिवस होतात न होतात तोच, त्यांना काढण्यात आले. चाहत्यांत पुन्हा दोन तट पडले: चषक मोठा की गुण मोठे? महिनाभर हा वाद रंगला आणि ज्यांनी दोन्ही वेळा निर्णय घेतला ते वादाबाहेर सुरक्षित राहिले. तीन महिन्यांनी लेव्ही स्वतः गेले. पण अध्यक्ष गेला म्हणजे मालकी गेली असे होत नाही. मोठा मुकादमही अखेर मुकादमच असतो.

चाहत्यांना गुण मोजू नका असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. खेळावरचे प्रेम असेच व्यक्त होते, आणि ८१ मिनिटांपर्यंत तीन गोलांनी पुढे असलेला सामना हातचा गेला की ज्याला चीड येत नाही त्याने फुटबॉल पाहू नये. सांगावयाचे ते इतकेच, की वहीला आणखी एक रकाना जोडा. त्यात कापलेले वेतन लिहा, काढून घेतलेली सवलत लिहा, रोखेबाजारात विकलेला वारसा लिहा, आणि दोन दिवसांत परतवून लावलेला दरोडाही लिहा. हा रकाना भरू लागला की पुढच्या वेळी मॅनेजर काढल्याची बातमी येईल तेव्हा ‘आता कोण येणार?’ या प्रश्नावर चर्चा थांबणार नाही. ‘काढणारा कोण आणि त्याला काढायचे कसे?’ हा प्रश्न त्यापाठोपाठ येईल.

आणि कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की ज्या तरुणांच्या अंगावर आज परदेशी क्लबांची जर्सी दिसते ते चळवळीला परके नाहीत. मुकादम आणि मालक यांतला भेद त्यांना त्यांच्याच खेळाच्या भाषेत समजावून देणारा कोणी भेटलेला नाही, एवढाच काय तो दोष. तो दोष त्या तरुणांचा म्हणता येणार नाही.